डांबर पडायच्या आत

माझा भाचा पुण्याहून सायकल घेऊन आला, ती मोटारीच्या टपावर बांधून. आमच्या साक्रीत सायकलवर बांधून नेलेल्या वस्तू मी पुष्कळ पाहिल्या आहेत. दुधाच्या किटल्या, कांद्याची गोणी, गॅसची टाकी, आखाजीला माहेरी निघालेली बायको आणि तिच्या मांडीवर शिलाई मशीन. पण खुद्द सायकलच बांधून आणलेली मी पहिल्यांदा पाहत होतो. सायकल वर आरामात आणि माणूस खाली गिअर बदलतोय, हे मला जरा उलटेच वाटले. पण बोललो नाही. खानदेशात भाच्यापुढे मामाने बोलायचे नसते, ताट वाढायचे असते.

सायकल खाली उतरेपर्यंत अर्धी गल्ली जमली होती. शेजारचे आबा सगळ्यात पुढे. आबांनी हयातभर शेती केली आणि बैलबाजारात जनावर पारखण्यात त्यांचा हात कोणी धरत नाही. त्यांनी सायकलभोवती एक प्रदक्षिणा घातली. दात बघता येत नव्हते म्हणून चेन पाहिली.

"स्टँड कोठे शे?"

"स्टँड नसतं हिला, आजोबा."

"घंटी?"

"नाही."

"कॅरेज?"

"नाही."

"मडगारद बी नही?"

"नाही."

आबा थोडे थांबले. जनावर अपंग आहे हे मालकाला कसे सांगावे, असा भाव चेहऱ्यावर होता. मग हळूच विचारले, "कितलानी शे?"

मी भाच्याला डोळ्याने खुणावत होतो, पण पोरगा सरळमार्गी. म्हणाला, "एक लाख साठ हजार."

आबा खाटेवर बसले. पाणी मागवले. दोन घोट घेतल्यावर म्हणाले, "इतला पैसामा तं फटफटी ई जाती. आनि तिले स्टँड बी ऱ्हातं."

रात्री शेवभाजीचा रस्सा ओरपता ओरपता भाच्याने मला या प्रकाराची दीक्षा दिली. ही म्हणे ग्रॅव्हल बाईक. ग्रॅव्हल म्हणजे खडी. शर्यतीच्या सायकलसारखे खाली वळलेले हँडल, पण टायर रुंद, चाळीस मिलिमीटरच्या वर, त्यात हवा कमी. म्हणजे डांबरी रस्त्यावर पळते आणि कच्च्या रस्त्यावर फुटत नाही. अमेरिकेत कॅन्सस राज्यात एम्पोरिया नावाचे एक गाव आहे. तिथे २००६ साली काही लोकांनी खडीच्या रस्त्यांवरून दोनशे मैलांची शर्यत सुरू केली. आता तिचे नाव अनबाउंड, आणि जगभरातून माणसे येतात. २०२२ पासून तर या खेळाची जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही सुरू झाली. पहिली इटलीत झाली.

"खडीच्या रस्त्यासाठी तिथे पैसे भरून जातात?" बायकोने भाकरी थापता थापता विचारले.

"हो मामी. नाव नोंदवायलाही नंबर लागतो."

बायकोने माझ्याकडे पाहिले. आमच्या घरापासून तिच्या माहेरचा रस्ता गेली अकरा वर्षे खडीचाच आहे. तिथे नंबर लागल्याचे आम्ही ऐकलेले नाही.

भाच्याने मग मोबाइलवर फोटो दाखवले. फ्रान्समधली लॉयर नदी. काठाने सायकलींची वाट, सुमारे नऊशे किलोमीटर. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला द्राक्षांचे मळे, आणि दर थोड्या अंतरावर एकेक किल्ला, लग्नाच्या केकसारखा. किल्ल्याच्या दारात छत्रीखाली टेबल, टेबलावर कॉफी. भाचा म्हणाला, "मामा, तिकडे जायला व्हिसा लागतो, पैसा लागतो. पण विचार करा. नदीचं खोरं, शेतं, किल्ला आणि कच्चा रस्ता. हे सगळं तुमच्याकडे आहेच की!"

सदतीस वर्षे मी शाळेत भूगोल शिकवला. साक्री तालुक्यातल्या नद्या फळ्यावर काढून काढून हात दुखले. पांझरा, कान, बुराई, जामखेली. पण आपला तालुका फ्रान्ससारखा आहे हे मला कोणी सांगितले नव्हते. छाती जरा पुढे आली. आणि त्याच भरात, समोर ठेचा होता म्हणा किंवा माझे नशीब म्हणा, मी म्हणून गेलो, "उद्या भामेरच्या किल्ल्यावर जाऊ. मी पण येतो, माझ्या सायकलवर."

माझी सायकल ॲटलास. निवृत्तीच्या आधीपासूनची, हिरवी, बारदानाखाली ठेवलेली. तिला स्टँड आहे, घंटी आहे, कॅरेज आहे, मडगार्ड आहे, चेनकव्हर आहे, कुलूप आहे. फक्त तिचा कारखाना राहिलेला नाही. ३ जून २०२० रोजी जगभर सायकल दिन साजरा होत होता, त्याच दिवशी ॲटलासचा साहिबाबादचा कारखाना थांबला. मुहूर्त पाहून बंद पडलेला एवढा मोठा धंदा मला दुसरा माहीत नाही.

निघण्याआधी रस्त्याविषयी सांगायला हवे, कारण बाहेरच्या माणसाला आमच्याकडचे रस्ते कळत नाहीत. भाच्याच्या मोबाइलमध्ये रस्त्याच्या दोनच जाती होत्या, पक्का आणि कच्चा. अहो, आमच्याकडे एकेका रस्त्याच्या आयुष्यात सोळा संस्कार असतात. आधी तो 'मागणीतला' असतो. मग 'मंजूर' होतो. मग नारळ फुटतो, तेव्हा 'भूमिपूजन झालेला'. त्यानंतर कडेला मुरमाचे ढीग पडतात आणि त्यांच्यावर पोरे घसरगुंडी खेळून मोठी होतात, त्यांची लग्ने होतात. मग खडीकरण. खडीकरणानंतर डांबरीकरण असते असे पुस्तकात दिले आहे.

खडीकरण ही कल्पना मूळची मॅकॅडम नावाच्या स्कॉटिश गृहस्थाची. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याने सांगितले की मोठे धोंडे नकोत, बारीक फोडलेली खडी थराथराने पसरा आणि दाबा, ती आपोआप एकमेकींत अडकून घट्ट बसेल. खडीचा तुकडा मजुराच्या तोंडात मावला तरच तो योग्य मापाचा, अशी त्याची परीक्षा सांगतात. आमच्या तालुक्यातल्या काही रस्त्यांवरचा तुकडाही तोंडात मावतो, फक्त ते तोंड हत्तीचे पाहिजे.

भाचा मात्र ही माहिती ऐकून हरखला. म्हणाला, "मामा, इटलीत तस्कनी भागात पांढऱ्या खडीचे जुने रस्ते आहेत. ते डांबराखाली जाऊ नयेत म्हणून १९९७ मध्ये लोकांनी जुन्या सायकलींची एक फेरी सुरू केली. लेरोइका तिचं नाव. आता हजारो लोक येतात. रस्ते वाचले."

मी गप्प झालो. रस्त्याला डांबर मिळावे म्हणून आमच्या भागात किती वेळा रास्ता रोको झाला, निवेदने गेली, मतदानावर बहिष्कार टाकायच्या धमक्या दिल्या गेल्या. एका निवेदनाचा मसुदा तर माझ्याच हातचा. शुद्धलेखनाची एक चूक नव्हती त्यात. आणि तिकडे इटलीत लोक नेमके उलटे मागत होते. आमची आणि त्यांची निवेदने वाटेत बदलली गेली असतील, असा एक संशय मला तेव्हापासून आहे.

आर्द्रा लागून चार दिवस झाले होते. मृग कोरडा गेला होता, एक सर पडून थांबली होती. पहाटे साडेपाचला आम्ही निघालो. भाचा अंगाला चिकटलेल्या कपड्यांत, डोक्यावर हेल्मेट, डोळ्यांवर इंद्रधनुष्यी चष्मा, पायात खाली लोखंडी खुंटी असलेले बूट. मी लेंगा, सदरा, टोपी. लेंग्याचा घोळ चेनमध्ये जाऊ नये म्हणून बायकोने सुतळी बांधून दिली. दारातून आबांनी विचारले, "सर, कोठे चालनात?"

"भामेरले."

"बस बंद शे का?"

पहिला टप्पा कान नदीचा. साक्री या नदीच्या काठी वसलेली, आणि ती पुढे जाऊन पांझरेला मिळते. लॉयरच्या काठाने वाट आहे म्हणतात ना, आमची सोय त्याहून चांगली. जूनमध्ये आमच्याकडे नदीच्या काठाने नव्हे, नदीतूनच सायकल चालवता येते. पाणी आडवे येत नाही. पूर्वी वाळू आडवी यायची, आता तीही येत नाही. उरले आहेत ते गोटे, आणि भाच्याने त्यांच्यावर अशी काही सायकल घातली की गोट्यांनाच धक्का बसला असावा. मी खाली उतरून चालत ओलांडली. ॲटलासला मी नदीत घालत नाही. तिची घंटी आपोआप वाजते आणि लोक बाजूला होतात.

तिथून आम्ही पाटाच्या बांधावर आलो. आणि इथे मात्र मी भाच्याला थांबवले, कारण जगात कुठे नसेल अशी गोष्ट दाखवायची मला सदतीस वर्षांची खोड आहे. पांझरा, कान, तिकडे बागलाणात मोसम, आरम, या नद्यांवर जुने दगडी बंधारे आहेत. बंधाऱ्यातून पाट निघतो, पाटातून चाऱ्या, आणि चाऱ्यांखालची जमीन फडांत वाटलेली. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे. यंदा या फडात ऊस तर पुढच्या साली दुसरे काही. उरलेले पाणी सांडीवाटे परत नदीत. पाणी कोणाला कधी मिळणार हे शेतकऱ्यांनी आपसात ठरवायचे, आणि ते सोडायला पाटकरी, राखायला जागल्या, पिकाला द्यायला बारेकरी. याला फड पद्धत म्हणतात. किमान तीनशे वर्षे ही चालत आली. पाणीवापर संस्था, लोकसहभाग, शाश्वत विकास हे शब्द जन्मायच्या आधी आमचे लोक हे करून बसले होते. आता पुष्कळ ठिकाणी विहिरी झाल्या, बोअर झाल्या, वर धरणे झाली, आणि फड मोडले. पण पाटाची वाट अजून आहे. दोन माणसे शेजारून चालतील एवढी, दाबून दाबून घट्ट झालेली, वर बाभळीची सावली.

"मामा," भाचा म्हणाला, "हा तर जागतिक दर्जाचा सिंगल ट्रॅक आहे."

"पाटकऱ्याची वाट आहे ती," मी म्हटले. "तो रात्री कंदील घेऊन याच वाटेने फिरायचा. अनवाणी."

पुढे शेवाळी गाठली आणि निजामपूरच्या दिशेला लागलो. डांबरी सडक सोडून शेतांमधल्या गाडरस्त्याने. आणि इथे एक चमत्कार घडला. माझी सायकल पळू लागली. पायडल मारावे न मारावे तोच पुढे. एकसष्टी उलटलेला मी, हिरवी ॲटलास, आणि एक लाख साठ हजारांच्या शेजारून चाललो होतो. नव्हे, एका जागी पुढेसुद्धा गेलो. वाटेत पेरणीची वाट बघत बांधावर बसलेली माणसे हात करत होती. भाचा मागून ओरडला, "मामा, भारी चालवताय!" मी नम्रपणे म्हणालो, "सवय आहे." मनात आकडेमोड सुरू झाली होती. कॅन्ससला जायला पासपोर्ट लागेल. वयाचा वेगळा गट असतो का, विचारले पाहिजे.

डावीकडे दूर डोंगरांच्या धारेवर पवनचक्क्या दिसू लागल्या. ब्राह्मणवेल, छडवेलच्या पठारावर या शेकड्यांनी उभ्या आहेत. साक्रीजवळ १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे तो वेगळाच. म्हणजे आमचे ऊनही सरकारने मोजले आणि वाराही मोजला गेला. पाती गरगर फिरत होती. मी भाच्याला कौतुकाने म्हणालो, "बघ, किती छान फिरताहेत." भूगोलाच्या शिक्षकाने हे वाक्य उच्चारले आणि त्याच्या डोक्यात काहीही आले नाही, याची नोंद घ्यावी.

वाटेत मेंढरे लागली. ठेलारी लोकांचा कळप, चार-पाचशे तरी. भाच्याच्या सायकलला घंटी नसल्याने तो "एक्स्क्यूज मी" म्हणाला. मेंढरांवर परिणाम झाला नाही. मी ॲटलासची घंटी वाजवली, तेव्हा एका मेंढीने वळून पाहिले आणि पुन्हा चालू लागली. मग कळपाबरोबर अर्धा तास चाललो. भाच्याने खिशातून एक चकचकीत पुडी काढली, तोंडाने फाडली आणि चोखू लागला. कळपामागच्या म्हाताऱ्याने विचारले, काय खातो?

"जेल आहे, बाबा."

म्हातारा माझ्याकडे वळला. "जेल? हाऊ पोऱ्या जेल खाई राहिना? काय गुन्हा करा त्यानी?"

एका पुडीला दोनशे रुपये पडतात हे मी त्याला सांगितले नाही. गुन्हा सिद्ध झाला असता.

निजामपूरला चहा मारला आणि भामेरला पोचलो. आता हा आमचा किल्ला. लॉयरच्या किल्ल्यासारखा केक नाही, तिळगुळाच्या वडीसारखा आहे, काळा आणि दणकट. किल्ल्याच्या पायथ्याला गाव असते, इथे गावच किल्ल्याच्या तटाच्या आत वसले आहे. जुने कोरीव दगड गावात विखुरलेले. कुठल्या राजाचा खांब कोणाच्या ओट्याला लागला आहे आणि त्यावर कोणती म्हातारी लसूण सोलत बसली आहे, याचा हिशेब पुरातत्त्वाच्या दप्तरात मिळणार नाही. वर डोंगराच्या पोटात ओळीने कोरलेल्या गुहा, खोल्यांसारख्या. लांबून बघितले तर डोंगराला खिडक्या पाडल्यासारखे वाटते. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव राजा सिंघणाने भंभागिरीच्या लक्ष्मीदेवाला हरवल्याचा उल्लेख लेखांत आहे, आणि ही भंभागिरी म्हणजे भामेर असे अभ्यासक मानतात. एके काळची राजधानी म्हणा ना.

पलीकडे बागलाणात साल्हेर आहे, १५६७ मीटर उंच. १६७२ मध्ये मराठ्यांनी मोगलांना तिथे उघड्या मैदानात लोळवले. जुलै २०२५ मध्ये तो युनेस्कोच्या यादीत गेला. भामेरचे तसे नाही. शिवकालाशी नाते सांगता येत नाही, त्यामुळे घोषणा नाहीत, ध्वज नाहीत, चित्रपट नाही. सध्या किल्ला शेळ्यांच्या ताब्यात आहे. किल्लेदारीण एक पांढरी, दाढीवाली शेळी. ती गुहेच्या तोंडाशी उभी राहून आमच्याकडे बघत होती. फ्रान्समध्ये तिकीट काढावे लागते. इथे तिने नुसते बघितले आणि आम्ही पास झालो.

"चला मामा, वर."

"सायकली कोण राखणार?" मी म्हटले. सायकल राखणे ही जबाबदारीची कामगिरी आहे आणि ती करताना बसता येते.

भाचा एकटाच निघाला. बुटाखाली लोखंडी खुंट्या. कातळावर टक् टक् टक् असा आवाज, जणू लग्नाचा घोडा. दहाव्या पायरीवर घसरला, बाराव्या पायरीवर बसला. शेळ्यांमागे असलेला एक नऊ-दहा वर्षांचा पोरगा खाली उडी मारत आला आणि मोठ्या मायेने म्हणाला, "बूट काढी टाक, दादा." पुढचा गड पुण्याच्या अभियंत्याने अनवाणी सर केला. बूट मी राखले. त्यांची किंमत त्याने संध्याकाळी सांगितली. आधी सांगितली असती तर मांडीवर घेऊन बसलो असतो.

तासाभराने खाली आला तेव्हा डोळे चमकत होते. कोरलेल्या खोल्या, आतले खांब, वरून दिसणारा मुलूख, पवनचक्क्यांची रांग, सगळे एका दमात सांगत होता. "मामा, इतकं मोठं आहे आणि वर एक माणूस नाही! पुण्याजवळ असतं तर रविवारी रांग लागली असती." मग जरा थांबून म्हणाला, "बरं आहे, नाहीये ते."

तेवढ्यात काळे ढग आले, पाच मिनिटे आडवा पाऊस झोडपून गेला आणि आम्ही परतीला लागलो.

पहिल्याच वळणाला कोणीतरी छातीवर हात ठेवून मला थांबवले. बघतो तर कोणी नाही. पायडल मारतोय, सायकल जागची हलत नाही. टोपी उडाली, ती एका बाभळीने झेलली. आणि त्या क्षणी मला सदतीस वर्षे शिकवलेला धडा आठवला. नैर्ऋत्य मोसमी वारे. दोन गुणांचा प्रश्न. 'जून ते सप्टेंबर या काळात वारे कोणत्या दिशेने वाहतात?' साक्री निजामपूरच्या दक्षिणेला आणि थोडी पश्चिमेला. सकाळी जो माझ्या पाठीला हात लावून "भारी चालवताय" म्हणत होता, तो भाचा नव्हता, हा होता. पवनचक्क्या तिथे उगाच उभ्या केलेल्या नाहीत. कोट्यवधी रुपये घालणाऱ्यांनी आधी कित्येक महिने वारा मोजला असेल. मी तो फुकटात, छातीवर मोजला. मागे वळून पाहिले, पाती तशीच गरगर फिरत होती. सकाळपासून त्यांच्याविषयीचे माझे मत बरेच बदलले होते.

पण खरा प्रसंग पुढे होता. गाडरस्ता काळ्या जमिनीतून जातो, आणि पाच मिनिटांच्या पावसाने तिने रंग दाखवला होता. ही माती कापसाला चांगली. ती बैलाचा पाय सोडत नाही, गाडीचे चाक सोडत नाही, माझी ॲटलास तर चार पावलांत गिळली. चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये चिखलाचा लाडू ठासून बसला आणि चाक फिरेचना. ब्रेक न लावता ब्रेक लागला. मी काडीने उकरतो, दोन हात पुढे जातो, पुन्हा लाडू. भाच्याच्या सायकललाही चिखल चिकटत होता, पण रुंद काटे, मोकळी जागा, मधे अडवायला काही नाही. चिखल फिरत फिरत आपोआप उडत होता. उडून मुख्यतः त्याच्या पाठीवर बसत होता, खालपासून मानेपर्यंत एक सरळ काळा पट्टा, जणू उलटे गंध.

"बघा मामा," तो म्हणाला, "म्हणून मडगार्ड नसतं."

एक लाख साठ हजारांमध्ये जे दिले नव्हते त्याचेच पैसे घेतले होते, हे मला तिथे चिखलात समजले. आबांना हे पटवणे अवघड जाईल.

मी म्हटले, "कॅन्ससला असा चिखल नसेल."

"असतो की! २०२३ च्या अनबाउंडमध्ये एवढा होता की मोठमोठे खेळाडू सायकली खांद्यावर घेऊन चालले."

हे ऐकून बरे वाटले. मग आम्हीही जागतिक दर्जाचे खेळाडू झालो. त्याने त्याची सायकल एका हाताने खांद्यावर टाकली, नऊ-दहा किलोची. माझी ॲटलास चिखलासकट उचलायला आम्ही दोघे लागत होतो. तेव्हा आधी त्याची सायकल पुढे ठेवून यायची, मग माझी आणायची, असा क्रम लागला. शेतातली एक बाई हातचे काम सोडून बघत उभी राहिली. "माय वं," म्हणाली, "सायकलीसले उचली चालनात!"

घरी पोचायला दुपारचे तीन वाजले. आबा खाटेवरच होते. त्यांनी आमच्याकडे पाहिले, सायकलींकडे पाहिले आणि फक्त एवढेच विचारले, "बस भेटनी नही का?"

बायकोने आम्हाला अंगणातच थांबवून बंबातले पाणी अंगावर ओतले. कळण्याची भाकरी, मिरचीची भाजी, वर तेल. भाचा चार भाकरी खाऊन पाटावरच झोपला. मला रात्री मांड्यांत असे गोळे आले की आमच्या भागातली खडी नेमकी कुठे जाते याचा उलगडा झाला.

त्यानंतर भाच्याचे येणे वाढले. पांझरेच्या काठाने पिंपळनेर झाले, आमळीचा घाट झाला. दर वेळी एक-दोन मित्र नवीन. सगळे सारखेच कपडे, सारखेच चष्मे. एखाद्या चांगल्या खडीच्या रस्त्यावर डांबर पडलेले दिसले की त्यांचे चेहरे पडतात. "वाट लागली रस्त्याची," एक जण एकदा हळहळला. मी त्याला समजावले की बाबा, आमच्याकडे रस्त्याची वाट लागते म्हणजे डांबर निघून पुन्हा वाट उरते. धीर धर, दोन पावसाळे जाऊ दे.

मीही आता आमच्या रस्त्याकडे वेगळ्या नजरेने बघू लागलो आहे. बायकोच्या माहेरी जाताना रिक्षात डोके टपाला आपटले की पूर्वी मी बांधकाम खात्याचा उद्धार करायचो. आता मनात येते, ही चाळीस मिलिमीटरच्या टायरला छान आहे. हे मी एकदा मोठ्याने बोललो. बायकोने उरलेला रस्ता माझ्याशी बोलणे बंद ठेवले.

गेल्या महिन्यात त्याच रस्त्याच्या तोंडाशी डांबराचे दोन पिंप येऊन पडले. रोलरही आला, लिंबाखाली उभा राहिला. फलक लागला, त्यावर काम सुरू झाल्याची तारीख होती आणि पूर्ण होण्याच्या तारखेची जागा गंजली होती. मी फोटो काढून भाच्याला पाठवला. पाच मिनिटांत त्याचा फोन.

"मामा, डांबर पडतंय?"

"पिंप आलेत."

"मग मी या शनिवारीच निघतो. पोरांना पण सांगतो. डांबर पडायच्या आत एकदा तो रस्ता करायचाच आहे."

मी खिडकीतून बघितले. रोलरच्या चाकावर आबांची कोंबडी बसली होती. पिंपावर पोरांनी खडूने क्रिकेटचे स्टंप काढले होते.

"घाई नको करू," मी म्हटले. "परीक्षा आहे ना तुझी ऑफिसातली, ती होऊ दे. निवांत ये. आखाजीला ये, मांडे करू."

"आणि तोवर झाला रस्ता तर?"

"मग त्याच्या पुढच्या आखाजीला ये."

कोंबडीने रोलरवर अंडे घातले आणि ओरडत खाली उतरली. तेवढीच काय ती त्या दिवशी कामाच्या जागी हालचाल झाली.